हात कुठे गेला

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण माझ्या मामाला सहन व्हायची नाही. कुणी त्याच्यासमोर ती वापरली की तो हातातला चहाचा कप खाली ठेवायचा आणि म्हणायचा, ही म्हण अंगण बांधणाऱ्यानंच काढलेली असणार, नाचणाऱ्याला कुणी विचारलंय का? अंगण खरोखर वाकडं असू शकतं. शंभरातल्या नव्वद वेळा असतंच. घरात सगळे हसायचे, मीसुद्धा. याच एका वाक्यावर पुढे माझं पोट भरणार आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

मामा कंट्रोल पॅनेल बनवायचा. कारखान्यात भिंतीला पत्र्याची पेटी लावलेली असते, तिच्यावर चालू-बंदची बटणं आणि लाल-हिरवे दिवे असतात, ती. घरामागे त्याची शेड होती. ड्रिल मशीन, पत्रा कापायचं यंत्र, खिळ्यांना अडकवलेली वायरची भेंडोळी आणि एक लंगडं स्टूल, ज्याचा पाय दुरुस्त करायला त्याला तीस वर्षांत वेळ मिळाला नाही. दुसऱ्यांच्या वस्तूंवर मात्र त्याची नजर घारीची. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला आणि बाथरूमचा दिवा लावताना तीन बटणं चुकली, की त्या यजमानांची शिकवणीच सुरू व्हायची. एकसारखी आठ बटणं एका ओळीत कशी काय बसवता तुम्ही, अंधारात माणसानं ओळखायचं कशावरून? नातेवाईक नवीन घर बघायला बोलवायचे आणि आईला हळूच विचारायचे, तुझा भाऊही येणार आहे का?

त्याची कामाची पद्धत धंद्यातल्या लोकांना वेडेपणाची वाटायची. काम घेण्याआधी तो त्या जागी जाऊन दिवसभर नुसता बसून राहायचा. मालकाशी चार शब्द, बाकी वेळ बटण दाबणाऱ्या माणसाकडे बघणं. एका मोठ्या बेकरीत शेजारीशेजारी दोन भट्ट्या होत्या. तिथला भट्टीवाला महिन्यातून एकदा तरी भलतीच भट्टी बंद करायचा आणि एक अख्खी खेप कच्ची राहायची. मालकानं त्याला घरी बसवायचं ठरवलं होतं. मामाला म्हणाला, बटणांवर हाताएवढी अक्षरं रंगवून द्या, हा माणूस गाढव आहे. मामा पिठाच्या पोत्यावर बसला. संध्याकाळपर्यंत त्याच्या लक्षात आलं, की भट्टीवाला बटणांकडे बघतच नाही. त्याचे डोळे पावाच्या रंगावर असतात आणि हात आपोआप ज्या बाजूला भट्टी, त्या बाजूच्या बटणावर जातो. आणि डाव्या भट्टीचं बटण होतं उजवीकडे, कारण कधीकाळी वायर तिकडून आणणं सोपं पडलं होतं. मामा मालकाला म्हणाला, "त्याचा हात बरोबर जातोय. बटण चुकीच्या घरात बसलंय." त्यानं दोन बटणांची अदलाबदल केली, बस. भट्टीवाला म्हातारा होईपर्यंत त्याच बेकरीत राहिला आणि रस्त्यात भेटला की मामाचा हात सोडायचा नाही.

पण मामाची खरी प्रयोगशाळा बेकरीत नव्हती, शेडमध्येही नव्हती. ती स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलावर होती आणि तिथली सर्वेसर्वा मामी होती.

मामी बालवाडीत शिकवायची. विजेतलं तिला इतकंच कळायचं, की ओला हात लावायचा नाही. बोलायला मात्र लागली की समोरच्याला श्वास घ्यायला फट सापडायची नाही. मामा पत्र्याला भोक पाडण्याआधी पुठ्ठ्यावर पॅनेल मांडायचा. बटणांच्या जागी बाटल्यांची रंगीत झाकणं. ती झाकणं एका पत्र्याच्या डब्यात असायची आणि डबा खडखडला की मामी गॅस बारीक करून हात पुसत येऊन बसायची. मामा म्हणायचा, दुसरा पंप बंद कर. मामीनं विचार न करता बोट ठेवायचं. मामा मोजायचा, एक, दोन. दोनच्या पुढे बोट हवेत राहिलं, किंवा भलत्या झाकणावर पडलं, की सगळी झाकणं उचलायची आणि मांडणी पहिल्यापासून.

एक नियम अगदी कडक होता. मामीनं "चुकले" असं म्हणायचं नाही. ती म्हणालीच, तर मामा म्हणायचा, "चुकलं ते माझं." मामीला त्याची इतकी सवय झाली, की आमटी खारट झाली तरी ती मामाकडे बघून म्हणायची, "अहो, चुकलं ते तुमचं." हात एकदाही चुकला नाही, तर ती टेबलावर दोनदा थाप मारायची. म्हणजे पास. त्यानंतरच मामा पत्रा कापायला घ्यायचा.

सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायचे आणि माझ्याकडे वही असायची. त्या वहीचं नाव होतं "हात कुठे गेला". प्रत्येक पॅनेलचं एक पान. पॅनेलचं चित्र काढायचं आणि मामीचं बोट आधी जिथे गेलं तिथे पेन्सिलीनं फुली मारायची. बोट का चुकलं हे लिहायचं नाही, फक्त कुठे गेलं ते. का ते आपण मनानं ठरवतो आणि तिथेच फसतो, असं मामाचं म्हणणं होतं. धोक्याचं बटण लाल आणि बाकीच्यांपासून लांब, उजव्या कोपऱ्यात एकटं, म्हणजे चुकून हात लागणार नाही आणि घाईत शोधावं लागणार नाही. हाक मारायचा दिवा असेल, तर तो आपोआप विझता कामा नये. ज्यानं हाक मारली त्याच्यापाशी जायचं, त्याचं काम करायचं आणि तिथली किल्ली फिरवायची, तेव्हाच दिवा विझणार. आणि प्रत्येक पॅनेलवर मागे फिरायची सोय हवी, कारण माणूस चुकणारच. हे सगळं मी कुठल्याही कॉलेजात जायच्या आधी त्या टेबलावर शिकले. आज मी दुसऱ्या शहरात एका ऑफिसात बसून मोबाइलच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं ते ठरवते. आमच्या मीटिंगमध्ये लोक याच गोष्टी जड जड शब्दांत सांगतात आणि माझा जीव तिथून उठून त्या टेबलापाशी जातो.

मामी एकसष्ट वर्षांची असताना एका सकाळी बादली उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला. आणि वाचा गेली. सगळा मिळून एक आवाज उरला, घशातून येणारा, "अं" आणि "हं" यांच्या मधला. भूक लागली तरी तो, मी दारात दिसले तरी तोच. महिनाभरानं घरी आणली. जिच्या तोंडाला विसावा नव्हता तिला तसं पडलेलं बघून मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

मामा रडला नाही. तो शेडमध्ये गेला आणि तिच्यासाठी बोर्ड करायला बसला.

मी बघायला गेले तेव्हा बोर्ड लागून आठवडा झाला होता. काय सांगू, देखणं काम होतं. पलंगावर आडवं सरकणारं एक लहान टेबल, त्यावर गुळगुळीत पत्र्याचा बोर्ड. अक्षरं नाहीत, कारण वाचता येईल की नाही याची खात्री नव्हती. डावीकडून निळं गोल बटण पाण्याचं. मग पांढरं चौकोनी पंख्याचं. मग पिवळं दिव्याचं. मग हिरवं, म्हणजे "इकडे ये". आणि उजव्या कोपऱ्यात एकटं, चांगलं वाटीएवढं लाल. म्हणजे "दुखतंय". मामीचा डावा हात चालत होता, तो सगळीकडे आरामात पोचेल अशी उंची. बटण दाबलं की स्वयंपाकघरात घंटा वाजायची आणि त्या त्या रंगाचा दिवा लागायचा. उशाशी किल्ली होती. ती फिरवल्याशिवाय दिवा विझायचा नाही.

मी सगळी बटणं दाबून पाहिली आणि म्हणाले, "मामा, सुंदर झालाय. काही काढण्यासारखं नाही." या धंद्यात मला बारा वर्षं झाली होती, आणि मी हे असं बोलले. पुठ्ठा केला होतास का, हे विचारायचं मला सुचलं नाही. त्यानं केला नव्हता. चाळीस वर्षं ज्या हातावर प्रत्येक पॅनेल तपासलं, त्या हातासाठी केलेलं पॅनेल तेवढं तपासलं नाही. तिचा हात मला पाठ आहे, असं त्याला वाटलं. त्याच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं.

पुढचं मला फोनवर कळत गेलं. मामी पाणी मागायची. घंटा वाजली की मामा धावत पाणी घेऊन जायचा, ती ओठ मिटून घ्यायची. किल्ली फिरवून तो वळतो न वळतो तोच परत पाणी. मग पंखा. पंखा लावला की पाणी. बंद केला की पंखा. दिवसातून तीस वेळा, चाळीस वेळा. पिवळं नाही, हिरवं नाही, लाल तर नाहीच. मामानं तिला समजावलं, हात धरून दाखवलं, पाणी नको तर निळं दाबू नकोस असं सांगितलं. ती त्याच्याकडे बघायची, तो एकुलता एक आवाज करायची आणि निळं दाबायची. मोठं माणूस दाराच्या घंटेशी खेळणाऱ्या पोरासारखं वागायला लागलं, की बघणाऱ्याचा धीर सुटतो. एकदा त्यानं तिच्या हातावर चापट मारली. हे त्यानं मला फोनवर सांगितलं नाही, पुष्कळ पुढे सांगितलं.

तीन आठवड्यांनी त्यानं बोर्ड काढून कपाटामागे ठेवला. मला म्हणाला, "तिला आता काही कळत नाही गं."

हेच वाक्य बेकरीचा मालक बोलला होता, सूतगिरणीतला साहेब बोलला होता, पंपहाउसवरचा इंजिनिअर बोलला होता, आणि मामा प्रत्येकाच्या अंगावर धावून गेला होता. मला ते आठवलं, खोटं कशाला बोलू. पण मला वाटलं, हा दमलाय, त्याला कशाला दुखवा. शिवाय मेंदूच्या आजाराचं आपल्याला काय कळतं? मी म्हणाले, ठीक आहे मामा, तू स्वतःला जप. मग माझ्या कामात बुडाले. पाच-सव्वापाच महिने जाणं झालंच नाही.

डॉक्टर महिन्यातून एकदा घरी येऊन बघून जायचे. दुखतंखुपतं का काही, असं दर वेळी विचारायचे. मामा सांगायचा, नाही. तिच्यासाठी खास लाल बटण केलं होतं, तीन आठवड्यांत एकदाही दाबलं नाही. डॉक्टर मान डोलवायचे आणि तशी नोंद करायचे. रोज सकाळी मामा तिच्या उजव्या काखेत हात घालून तिला उठवून बसवायचा, संध्याकाळी तसाच झोपवायचा. ती आवाज करायची. पण आवाज ती सगळ्यालाच करायची.

मी शेवटी गेले, त्याच सुमाराला व्यायाम घ्यायला एक नवीन बाई यायला लागल्या होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. त्या आल्या तेव्हा मामीचं जेवण चाललं होतं. म्हणजे संपलं होतं. ताटात अर्धी पोळी आणि भाजी तशीच होती. मामा ताट उचलत म्हणाला, अर्धंच जेवते आताशा, भूकच गेलीय तिची.

बाई म्हणाल्या, "काका, जरा थांबा." त्यांनी ताट परत टेबलावर ठेवलं आणि नुसतं अर्धं फिरवलं. उरलेलं अन्न उजवीकडचं डावीकडे आलं. मामीनं ताटाकडे पाहिलं, डावा हात पुढे केला आणि जेवायला लागली. सगळं संपवलं.

"काकूंना उजवीकडचं दिसत नाही," बाई म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांना. डोळे चांगले आहेत, पण तिकडची अर्धी बाजू मेंदूपर्यंत पोचत नाही. या आजारात पुष्कळांना होतं. तुम्हाला हॉस्पिटलमधून सांगितलं असेल ना?"

सांगितलं होतं. मी नंतर फाइल उघडून पाहिली. घरी सोडतानाच्या कागदांत, तिसऱ्या पानावर, औषधांच्या यादीखाली, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. ती ओळ तिथे टाकणाऱ्याचा मला इतका राग आला, की मी तो कागद चुरगाळला आणि मग परत सरळ केला. राग काढायला ते माणूस सोयीचं होतं. समोर नव्हतं ना.

मामा रिकामं झालेलं ताट उचलून हातात धरून तसाच उभा राहिला होता. त्याला काय दिसत होतं ते मला दिसत होतं. डावीकडे निळं आणि पांढरं. त्यापलीकडे मामीसाठी बोर्डच नव्हता. पिवळं, हिरवं, लाल, सगळं न दिसणाऱ्या अर्ध्यात. लाल तर मुद्दाम लांब, उजव्या कोपऱ्यात, आयुष्यभराच्या नियमानं. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि तिच्या जगात दोनच बटणं होती. ती दोन्ही ती दिवसातून चाळीस वेळा दाबत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या घरात असा होता.

बाई व्यायाम घेऊन गेल्यावर मामानं ताट धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं. मग औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि कपाटावरून झाकणांचा पत्र्याचा डबा काढला. डबा खडखडला तशी मामीनं मान वळवली. त्या आवाजाला ती चाळीस वर्षं हात पुसत येऊन बसली होती.

मामा तिच्या डाव्या बाजूला बसला. पुठ्ठा डावीकडे सरकवून ठेवला आणि झाकणं एका उभ्या ओळीत, वरून खाली. निळं, पांढरं, पिवळं, हिरवं, सगळ्यात खाली लाल. मी दाराशी उभी होते. मामानं माझ्याकडे न बघता सांगितलं, वही घे. वही कपाटात होती. मी नवीन पान उघडलं.

त्यानं विचारलं, "पाणी?" बोट निळ्यावर. "पंखा?" पांढऱ्यावर. "दिवा?" पिवळ्यावर. एक म्हणायलासुद्धा वेळ मिळाला नाही. जिला काही कळत नव्हतं तिला सगळं कळत होतं, रंग, जागा, प्रश्न, आणि आपली परीक्षा नसून पुठ्ठ्याची आहे हेही. मामानं पुढचा प्रश्न विचारायच्या आधी तिचं बोट आपणहून खाली सरकलं आणि लाल झाकणावर जाऊन थांबलं.

मामानं लाल झाकण उचललं आणि सगळ्यात वर ठेवलं. जागेच्या सवयीनं हात जातोय की खरंच लाल हवंय, हे बघायची त्याची जुनी पद्धत. मामीचं बोट वर गेलं. त्यानं ते मध्ये ठेवलं. बोट मध्ये आलं. त्यानं परत खाली ठेवलं, तेव्हा मात्र झाकण कलंडलं. मामीनं ते एका बोटानं नीट केलं आणि दाबून धरलं.

"दुखतंय?" त्यानं विचारलं.

तिनं बोट काढलं नाही.

"कुठे?"

मग तिनं बोट उचललं आणि डाव्या हातानं आपला उजवा खांदा धरला.

मी वहीत फुली मारायची विसरले. मामा त्या खांद्याकडे बघत माझ्याशी बोलला, तिच्याशी बोलायची त्याची छाती नव्हती. "रोज सकाळी मी तिला इथेच धरून उचलतो," तो म्हणाला. "रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी."

मग त्यानं तिच्याकडे तोंड केलं आणि म्हणाला, "चुकलं ते माझं."

चाळीस वर्षांत हे वाक्य त्यानं किती वेळा म्हटलं असेल. मामीनं त्याच्याकडे पाहिलं. खांद्यावरचा हात तिनं खाली घेतला आणि पुठ्ठ्यावर दोनदा थाप मारली.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. लुळ्या हाताच्या वजनानं खांदा सांध्यातून उतरत चालला होता आणि आखडला होता. तिथे धरून उचलणं हे सगळ्यात वाईट, असं ते म्हणाले. मामा खाली मान घालून उभा होता, म्हणून त्यांनी ते पुन्हा सांगितलं नाही. गोळ्या सुरू झाल्या, हाताला झोळी आली, उठवायची वेगळी पद्धत बाईंनी शिकवली. पंधरा दिवसांत लाल दाबणं पुष्कळ कमी झालं. पण त्या आधीच्या सहा महिन्यांचं काय करायचं? मामाच्या प्रत्येक पॅनेलवर मागे फिरायची सोय असायची. इथे ती नव्हती, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

नवीन बोर्ड त्यानं पत्र्याचा केला, उभा, पलंगाच्या डाव्या कडेला. त्याच्यावर मामी सगळ्यात जास्त काय दाबायची, तर हिरवं. "इकडे ये." जुन्या बोर्डवर ते तिला दिसलंच नव्हतं, म्हणजे सहा महिने तिला त्याला साधी हाकही मारता आली नव्हती. आता ती दिवसभर मारायची. मामा जायचा, तिला काहीच नको असायचं. तो स्टूल ओढून बसायचा. शेडमधलं तेच लंगडं स्टूल. त्याचा पाय त्यानं आता कुठे दुरुस्त केला होता. तो तिला दिवसभराचं सांगायचा, ती तिचा आवाज करायची. फोनवर तो मला म्हणाला, आयुष्यभर ती बोलली आणि मी ऐकलं, आता फिटंफाट चाललीय. त्याच्या आवाजात मी खूप दिवसांनी हसू ऐकलं.

असे अकरा आठवडे मिळाले. मग एका दुपारी दुसरा झटका आला आणि मामी गेली.

दिवस पार पडल्यावर सगळे आपापल्या घरी परतले. महिन्याभरानं मी मामाकडे गेले. घर आवरलेलं होतं. पलंगावर धुतलेली चादर, बोर्ड जागेवर. "हात कुठे गेला" वही टेबलावर उघडी होती. मामीच्या पहिल्या बोर्डाचं चित्र त्यानं काढलं होतं, पाचही बटणं मोजून मापून, आणि निळ्यावर आणि पांढऱ्यावर इतक्या फुल्या मारल्या होत्या, की कागद तिथे फाटला होता. उरलेल्या तिन्हींवर काही नव्हतं.

मी त्याला म्हणाले, "मामा, बोर्ड सुंदर झालाय असं मीही म्हणाले होते."

"तू एक दिवस बघितलास," तो म्हणाला. "मी तिला रोज बघत होतो." आणि मग तिच्या हातावर मारलेल्या त्या चापटीचं त्यानं मला सांगितलं. सांगताना तो स्वतःच्याच तळहाताकडे बघत होता. मला त्याचं सांत्वन करता आलं नाही. करायला गेले असते तर खोटं झालं असतं.

मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. टेबलाच्या वर, भिंतीवर, हिरवा दिवा चालू होता.

मला वाटलं वायरमध्ये काही अडकलंय. मी हाक मारून सांगितलं, मामा, इथला दिवा राहिलाय. तो दाराशी आला.

"राहिला नाहीये," तो म्हणाला. "त्या दुपारी तिनं बोलावलं होतं. मी गेलो. पाणी हवंय का विचारलं, नाही. दुखतंय का विचारलं, नाही. नुसती बघत राहिली. काहीतरी सांगायचं होतं तिला. मला कळायच्या आत गेली." तो दिव्याकडे बघत होता. "काम झाल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही ना. ते झालेलं नाहीये."

मी दोघांसाठी चहा गाळला. टेबलाशी बसून आम्ही तो प्यायलो, मामा त्याच्या खुर्चीत आणि मी मामीच्या. मग मी कप धुऊन ठेवले. निघताना वळून पाहिलं, तेव्हा तो तिथेच बसला होता आणि वर दिवा चालू होता.